बारा डिसमिलचं घर

सौंदडचं आमचं घर मी विकायला काढलं, तेव्हा ते खरं तर आधीच विकलं गेलं होतं. मायनं विकलं होतं, मला न विचारता. माझा सगळा राग त्या न विचारण्याचा होता. पण तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी तो घराच्या भावावर काढला.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मी गोंदियाच्या एका शाळेत गणित शिकवते. चूक दिसली की मला राहवत नाही, मग ती फळ्यावरची असो, लग्नपत्रिकेतली असो की किराण्याच्या बिलातली. नवरा म्हणतो, तुझ्यासोबत बाजारात जायचं म्हणजे तपासणी पथक घेऊन जायचं. नाकावर राग आणि तोंडाला लगाम नाही, असं माझ्याबद्दल शाळेत बोलतात, आणि मला ते बरेच दिवस कौतुकच वाटत होतं. रागीट मायही होती. पण ती बोलण्याआधी थांबायची. ते मी तिच्याकडून घेतलं नाही.

त्या वेळी माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मी तिची एकुलती एक. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि शेती त्यांच्या आजारपणातच गेली होती. उरलं होतं ते घर. मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, समोर ओसरी, मागे गुरांचा कोठा, ज्यात आता गुरं नव्हती, नुसती सरपणाची लाकडं होती. कोठ्यामागे भाजीपाल्याची बाडी, बाडीत विहीर, आणि बाडी संपली की तलावाची पाळ. कवेलूचं घर दर वर्षी पावसाआधी फेरावं लागतं, म्हणजे वरची सगळी कवेलू काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची. ते काम करणारी माणसं आता मिळत नाहीत. मिळाली तरी कबूल करून येत नाहीत. मायनं दोन पावसाळे घरभर भांडी मांडून काढले होते.

मी तिला गोंदियाला चल म्हणून किती वेळा म्हटलं त्याची मोजदाद नाही. ती यायची, चार दिवसांसाठी म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी बांधायची. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथं तिला पाय टेकल्यासारखंच वाटत नव्हतं. एकदा जाताना ती मला म्हणाली होती, "तुया घरी सकार कोनत्या बाजूनं होते, तेच मले समजत नाई. मले तठी मरू दे, बाई. माया घरी. मंग काय कराचं ते कर." असं ती पुष्कळदा म्हणायची आणि मी ते म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून सोडून द्यायचे. तिला जगाकडून एवढंच हवं होतं, आणि ते तिनं सरळ शब्दांत सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

एका शनिवारी मी बल्लारशाच्या गाडीनं सौंदडला उतरले, घरी गेले, तर माय खुशीत. घर शेजारच्या भाऊला देऊन टाकलं, म्हणाली.

हा शेजारचा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. धानाची शेती आणि जोडीला खताचं लहानसं दुकान. माझ्या दहावीच्या परीक्षेला ह्यानंच मला सायकलवर मागे बसवून नेलं होतं. त्याच्या मुलाच्या सोयरिकीचं चाललं होतं आणि मुलीकडची मंडळी वेगळी खोली आहे का म्हणून विचारत होती. त्याच्या घरात जागा नव्हती. मायचं घर लागूनच. मग त्यानं मायपुढे गोष्ट ठेवली. घर सगळं तो घेईल. समोरची खोली आणि ओसरी माय जिवंत असेपर्यंत मायची. कवेलू फेरणं त्याच्याकडे, भिंतींची डागडुजी त्याच्याकडे, आणि सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण त्याची बायको देईल. चहा ती तसाही देतच होती. दोन घरांमधल्या काटेरी कुंपणात माणूस जाईल एवढी वाट होती, आणि त्या वाटेनं ती रोज सकाळी पितळी गिलासात चहा घेऊन यायची. मायच्या चुलीतून धूर निघायच्या आधी.

गावातली दोन जुनी माणसं बोलावून, त्यांच्यासमोर सुपारी फोडून, व्यवहार पक्का झाला होता. कागद सोयीनं करू, असं ठरलं होतं. आमच्याकडे घर विकायचं तर लागून असलेल्याला आधी विचारायचं, आणि सुपारी फुटली की बोलणं संपलं, असंच चालत आलंय. मी विचारलं, मरेपर्यंत राहायचं हे कागदावर येणार आहे का? मायनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी अश्लील बोलले. "सकारची चाय का कागदावर लिवाची?" ती म्हणाली.

मग मी भाव विचारला. तिनं सांगितला. मला तो फार कमी वाटला. पण कशाच्या मानानं? सौंदडमध्ये मातीचं घर कितीला जातं हे मला कुठं माहीत होतं? पण मी शिकलेली, ती न शिकलेली, आणि तिनं मला विचारलं नव्हतं. एवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, गोंदियाला जेवणं झाल्यावर मी मोबाइल घेऊन बसले. घराची किंमत फुकट सांगणाऱ्या साइट असतात, हे शाळेतल्या एका बाईंकडून कळलं होतं. माहिती भरा, अर्ध्या मिनिटात किंमत घ्या. मला असल्या गोष्टी आवडतात. चौकटी असतात, चौकटीत उत्तर असतं, आणि कोणी सुपारी फोडत नाही.

पहिली चौकट पिनकोडची. ती सोपी होती. मग घराचा प्रकार. मातीचं घर असा प्रकारच नव्हता, म्हणून मी स्वतंत्र घर निवडलं. मग बेडरूम किती. आमच्या घरात कुठल्याच खोलीला बेडरूम म्हणता आलं नसतं. उन्हाळ्यात सगळे आंगणात झोपायचे आणि थंडीत चुलीजवळ. मी दारं मोजली आणि तीन लिहिलं. कव्हर्ड पार्किंग आहे का? कोठ्यावर छप्पर होतं, चार बैल उभे राहायचे, म्हणजे एक मोटार सहज राहील, म्हणून हो केलं. लेक व्ह्यू? मागच्या पाळीवरून अख्खा तलाव दिसतो. ह्या प्रश्नावर तर मला अभिमानच वाटला. नवरा बाजूला पेपर वाचत होता, त्याला मी म्हटलंसुद्धा, की बघा, आपल्याला लेक व्ह्यू आहे.

मग आली बिल्ट-अप एरियाची चौकट, चौरस फुटांत. इथं मी जरा सावरून बसले, कारण हे माझं क्षेत्र. आमच्या गावात कोणालाही विचारा, घर केवढं आहे? तो डिसमिलमध्येच सांगेल, आणि त्यात बाडी येईल, आंगण येईल, कोठा, विहीर, शेणाचा खड्डा, सगळं येईल. घर म्हटलं की कुंपणाच्या आतलं सगळं घर. आमचं घर बारा डिसमिलचं. हे वाक्य मी बोबडं बोलत होते तेव्हापासून ऐकत आले. एक डिसमिल म्हणजे चारशे पस्तीस पूर्णांक सहा चौरस फूट. गुणिले बारा, पाच हजार दोनशे सत्तावीस पूर्णांक दोन. कागदाची गरज पडली नाही. त्या चौकटीनं दशांशानंतरचा आकडा घेतला नाही, तेव्हा मी थोडी कुरकुरले.

गुणाकार बरोबर होता. आजही बरोबर आहे.

स्क्रीनवर एक चाक फिरलं आणि हिरव्या अक्षरांत आकडा आला. शेजारच्या भाऊनं सांगितलेल्या भावाच्या साडेचारपट. मी दुसऱ्या साइटवर तीच माहिती भरली. तिथं त्याहून जास्त. मला आनंद झाला असं म्हणणं खोटं होईल. मला जिंकल्यासारखं वाटलं. मी तो आकडा नवऱ्यापुढे धरला. त्यानं चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "हा भाव देणारा माणूस कुठं राहतो?"

मी त्याला म्हटलं, तुम्हाला काही कळत नाही. तो पुन्हा पेपर वाचायला लागला. दुसऱ्या साइटनं माझा नंबर घेतला होता, म्हणून सोमवारी एका मुलीचा फोनही आला. ती हिंदीत विचारत होती की प्रॉपर्टी नेमकी कुठं पडते. मी सौंदड सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी फोडून सांगितलं, आणि ती म्हणाली, ठीक है मॅडम, बताते हैं. पुन्हा तिचा फोन आला नाही. तेवढ्यावरूनसुद्धा मी काही समजायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी सौंदडला गेले ती डोक्यात राख घालूनच. घरी पिशवी ठेवली, मायशी धड बोललेसुद्धा नाही, आणि कुंपणातल्या वाटेनं पलीकडे गेले. भाऊच्या ओसरीवर चटई टाकलेली होती आणि पाच-सहा माणसं बसली होती. मुलीकडची मंडळी होती ती. सोयरीक पक्की करायला आली होती. पोह्यांच्या बशा मांडलेल्या होत्या. भाऊनं मला पाहिलं आणि हसून म्हणाला, "ये बाई, बस. बरी आली. हे पाव्हने."

शहाणं माणूस तिथं बसलं असतं, पोहे खाल्ले असते, आणि पाहुणे गेल्यावर बोललं असतं. मी उभ्या उभ्या मोबाइल काढला. म्हटलं, भाऊ, हा बघा आमच्या घराचा भाव, आणि तुम्ही काय दिला तोही सांगा ह्यांना. त्यानं नजर खाली घातली. ते मला कबुलीसारखं वाटलं आणि मी आणखी चढले. त्या पाहुण्यांसमोर, त्याच्या बायकोसमोर, आतल्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या मुलासमोर मी म्हणाले, "विधवा म्हातारीचं घर लुटून सुनेला खोली दाखवता?"

लुटून हा शब्द मी वापरला. मी तो शोधून आणला नव्हता, तो आपोआप तोंडात आला, पण माझ्याच तोंडात आला.

भाऊनं माझ्या हातातला मोबाइल घेतला. बराच वेळ पाहत होता. वाचत होता की नुसताच धरून होता, कोण जाणे. मग परत दिला. "कोनं देल्ला हा भाव?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, साइटनं. तो म्हणाला, "मंग त्यालेच इका."

एवढंच. आवाजसुद्धा वाढला नाही. पाहुण्यांपैकी एक जण उठून हात धुवायला गेला. मी वळले तर कुंपणाच्या वाटेत माय उभी होती, काठी टेकत माझ्यामागे आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं मला पाणी दिलं, आणि बसून म्हणाली, "मीनं जबान देल्ली होती, बाई." रागावली असती तर मी भांडले असते. ती रागावली नव्हती. मी तिला तो हिरवा आकडा पुन्हा समजावून सांगितला.

सोयरीक मोडली नाही, एवढं बरं झालं. पण महिन्याभरात भाऊनं रस्त्याकडे दुसरी जागा पाहिली आणि विटा टाकल्या. आणि कुंपणातली वाट बुजवली. बोराट्या आणून, दोन खांब ठोकून, नीट बुजवली. मायनं मला फोनवर सांगितलं ते असं, की कुंपण चांगलं झालं, आता बकऱ्या येत नाहीत.

सकाळचा चहा कोण देतं, हे मी तिला विचारलं नाही.

घर विकायची जाहिरात मी मोबाइलवर टाकली, आकड्यासकट. एक जण मोटारीनं येऊन बाहेरूनच परत गेला. दुसरा गोंदियाचा व्यापारी, बरा माणूस होता. टेप घेऊनच आला होता. त्यानं भिंती मोजल्या, मग बाहेर आला आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, पाच हजार फूट कहाँ है?" मी हातानं दाखवलं, हे सगळं, तलावाच्या पाळीपर्यंत. तो हसला नाही, उलट ओशाळला. त्यानं मला समजावलं, की बिल्ट-अप म्हणजे बांधलेलं, छपराखालचं. बाडीत वांगी आहेत, ती बिल्ट-अपमध्ये कशी धरणार? छपराखालचं त्याच्या टेपप्रमाणे सहाशे चाळीस भरत होतं, तेही कोठा धरून. आणि माती. माती कोण विकत घेतं, तो म्हणाला, आम्ही तर पाडायचा खर्च धरतो.

तो गेल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर बसून ती साइट पुन्हा उघडली. सहाशे चाळीस लिहिलं. पार्किंग काढलं. घराचं वय खरं लिहिलं. तलाव तेवढा राहू दिला. चाक फिरलं आणि आकडा आला. तो भाऊनं सांगितलेल्या भावाहून खाली होता.

म्हणजे भाऊनं मायला जास्तच देऊ केलं होतं. आणि त्याच्यावर खोली, जेवण, कवेलू. मी तिथं बसून तो हिशेब करत होते आणि समोर दहा पावलांवर ते नवं कुंपण होतं. त्याची बायको पलीकडे धान पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. वहिनी, माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी पोरांना रोज सांगते, चूक झाली की खोडा आणि पुढे चला, त्यात लाज कसली. मी उठले, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि मायला सांगितलं की हा व्यापारी कामाचा नव्हता, दुसरा बघू. गाडीची वेळ झाली होती.

मग परीक्षा आल्या, मग पेपर तपासणं आलं. पुढच्या शनिवारी जाते, भाऊची माफी मागते, त्याला घर द्यायला तयार करते, असं मी मनात घोळवत होते. दोनदा गेलेही. दोन्ही वेळा कुंपणाच्या अलीकडूनच परत आले. मला वाटत होतं, वेळ आहे. माय चालत होती, फिरत होती, चुलीवर स्वतःचं रांधत होती.

ती पडली तो दिवस मंगळवारचा होता. सकाळी विहिरीवरून पाण्याची बादली घेऊन येताना कोठ्याजवळ ओलाव्यात तिचा पाय सरकला. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. उठता येईना. समोरचं दार आतून लावलेलं होतं आणि बाडीकडून यायची एक वाट होती ती बुजलेली. ती तिथं पडून राहिली. सकाळी पडली ती दुपार ढळेपर्यंत. ऊन आलं, तेव्हा हातानं सरकत कोठ्याच्या सावलीला जायचा प्रयत्न केला होता तिनं. मातीवर ते ओढल्याचं दिसत होतं, मी दुसऱ्या दिवशी पाहिलं.

तिला काढलं भाऊच्याच बायकोनं. दुपारी कपडे वाळत घालताना तिला बाडीत लुगड्याचा रंग दिसला. तिनं नव्या बोराट्या हातानं ओढून वाट केली आणि आत आली. भाऊनं गाडी आणली, आणि ती मायचं डोकं मांडीवर घेऊन गोंदियाच्या दवाखान्यापर्यंत आली. मी शाळेतून धावत पोचले तेव्हा तिचे दोन्ही तळवे काट्यांनी फाटलेले होते आणि ती ते पदराखाली झाकत होती.

मी तिला म्हटलं, वहिनी, तुमचे उपकार. ती माझ्याकडे न पाहता बोलली. म्हणाली, "सकारीच आवाज आल्यावानी वाटला होता मले. पन म्हनलं, बोलावलं नाई, त कायले जाव?"

ती मला टोमणा मारत नव्हती. तिला स्वतःलाच ते सहन होत नव्हतं, म्हणून तिनं ते कोणाला तरी सांगून टाकलं. मी तिथं बाकड्यावर बसले. त्या घरी रोज सकाळी न बोलावता येणाऱ्या बाईला बोलावण्याची गरज मी लावून दिली होती.

ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण माय पुन्हा चालली नाही. तिला माझ्या घरी आणलं, दुसऱ्या मजल्यावर, चौघांनी खुर्चीत बसवून. तिच्या खाटेसमोरच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि पलीकडच्या राइस मिलचा भुसा गजांवर बसतो. ती काही मागत नाही. जेवायला दिलं की जेवते, कूस बदलवली की बदलते. पहिल्या पहिल्यांदा मी घराबद्दल बोलायचे, तुला बरं वाटलं की जाऊ. ती तेव्हा डोळे मिटून घ्यायची. मग मी बोलणं सोडलं. तिला तिच्या घरी मरायचं होतं आणि आता ते होणार नव्हतं. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि खोलीत ते सारखं असायचं.

भाऊकडे मी गेले, शेवटी. फार उशिरा. त्यानं बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली तेव्हा खाली बघत ऐकून घेतली. घराचं विचारलं तर म्हणाला, आता त्याचे पैसे विटांत गेले, दोन घरं घेऊन तो काय करणार? खरंच होतं ते. काकी कशी आहे, एवढं त्यानं उठताना विचारलं.

बंद घर लवकर पडतं. पहिल्याच पावसात मागची भिंत बसली. वर्षभरानं एकानं ते घेतलं, धान ठेवायला गोडाऊन बांधायचं म्हणून. घराला त्यानं काहीच दिलं नाही, नुसत्या जागेचा भाव दिला. तो भाऊच्या भावाच्या निम्मा होता. ह्या वेळी मी कुठलीही साइट उघडली नाही. हो म्हटलं.

घर मायच्या नावावर होतं, म्हणून रजिस्ट्रीला तिला न्यावं लागलं. पुन्हा चौघं, पुन्हा खुर्ची, दोन मजले खाली, गाडीत आडवी घालून तालुक्याच्या गावापर्यंत. ऑफिसात तिला टेबलासमोर ठेवली. साहेब तरुण होते आणि चांगले वागले. कागद वाचून दाखवला. मग नियमाप्रमाणे त्यांनी तिला मोठ्यानं विचारलं, "आजी, घर राजीखुशीनं विकता ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?"

माय टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग ती म्हणाली, "राजीखुशीनं त मीनं मांगंच इकलं होतं. हे पोरगी इकून राहिली. तिले इचारा."

साहेबांचं लिहिणं थांबलं. घेणारा माणूस माझ्याकडे पाहायला लागला. साहेब मला म्हणाले, की मॅडम, तुमचं चालणार नाही, त्यांनीच सांगावं लागेल, नाहीतर मला हे थांबवावं लागेल. खुर्चीत बसून मायची पाठ दुखत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुन्हा तिला उचलून आणायचं मला जमणार नव्हतं. मी खाली वाकले आणि तिच्या कानात म्हटलं, "माय, हो म्हण."

"हो," ती म्हणाली.

मग अंगठ्याचं मशीन पुढे आलं. जन्मभर चुलीत, मातीत आणि धानात घासलेला तो अंगठा, त्यावरच्या रेषा मशीनला दिसेनात. एकदा ठेवला, लाल दिवा लागला. दुसऱ्यांदा पुसून ठेवला, पुन्हा लाल. बाबू म्हणाला, मॅडम, जरा जोरात दाबा. मी मायचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि तिचा अंगठा काचेवर दाबून ठेवला, हिरवा दिवा लागेपर्यंत.